पावसाळ्यातले हिरवे रविवार

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या रविवारच्या पुरवणीत चातुर्मासातील पोथीवाचनाविषयी आलेला लेख मी दोनदा वाचला. बाहेर पाऊस कोसळत असताना कोकणातल्या घराघरांतून तिन्हीसांजेला दिवा लावून ग्रंथ कसा उघडला जाई, एक जण कसा वाचे आणि बाकीचे कसे ऐकत, याचे त्यातले वर्णन मी लहानपणी शेजारच्या घरी पाहिलेल्या दृश्याशी इतके जुळणारे होते की लेखकांचे मनापासून आभार मानावेसे वाटले. त्याच लेखात जाता जाता असे एक वाक्य आले आहे, की ख्रिस्ती समाजात ऋतूला बांधलेली अशी ग्रंथवाचनाची रीत नाही आणि त्यांचे बायबल नाताळ व गुड फ्रायडे या दोन दिवसांपुरतेच उघडते. हे पत्र त्या एका वाक्यासाठी आहे. वाक्याचा पहिला अर्धा भाग बरोबर नाही. दुसरा अर्धा भाग आमच्यातल्या बऱ्याच घरांच्या बाबतीत खरा आहे, हे मला खेदाने मान्य करावे लागते, आणि म्हणून हे पत्र जितके लेखकांना उद्देशून आहे तितकेच माझ्या समाजातील माणसांनाही.

ख्रिस्ती उपासनेचे वर्ष १ जानेवारीला सुरू होत नाही. नाताळच्या आधीच्या चौथ्या रविवारी, म्हणजे २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर या दिवसांत जो रविवार येतो त्या दिवशी, आगमनकाळ सुरू होतो आणि तोच आमचा पाडवा. त्यानंतर नाताळ, मग सामान्यकाळाचे काही आठवडे, राखेच्या बुधवारापासून चाळीस दिवसांचा प्रायश्चित्तकाळ, पवित्र सप्ताह, ईस्टर, ईस्टरपासून पन्नासाव्या दिवशी पेन्टेकॉस्ट म्हणजे पवित्र आत्म्याचा सण, आणि तिथून थेट नोव्हेंबरअखेरच्या ख्रिस्तराजाच्या सणापर्यंत पुन्हा सामान्यकाळ, असा हा फेरा आहे. २१ मार्चला किंवा त्यानंतर जी पौर्णिमा येते तिच्या पुढचा रविवार हा ईस्टर, त्यामुळे तो २२ मार्च ते २५ एप्रिल यांच्या दरम्यान मागेपुढे होतो. तिथी पाहून सण करणाऱ्या मराठी माणसाला यात नवल वाटू नये.

या प्रत्येक काळाला नेमून दिलेली वाचने आहेत. कॅथॉलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली उपासनेविषयी जो दस्तऐवज मंजूर केला त्यात बायबलचे भांडार लोकांसाठी अधिक सढळपणे उघडावे असे म्हटले होते, आणि त्यानुसार १९६९ साली वाचनांची नवी मांडणी झाली. पूर्वी एकाच वर्षाची ठराविक वाचने दरवर्षी फिरून येत आणि जुना करार, म्हणजे बायबलचा येशूच्या आधीच्या काळातला भाग, रविवारच्या मिस्सात, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, क्वचितच कानावर पडे; आता तीन वर्षांचे चक्र आहे. येशूचे चरित्र सांगणाऱ्या चार शुभवर्तमानांपैकी पहिले वर्ष मत्तयाचे, दुसरे मार्कचे, तिसरे लूकचे, आणि योहान मुख्यतः प्रायश्चित्तकाळात व ईस्टरनंतरच्या आठवड्यांत. सालाच्या आकड्याला तीनने निःशेष भाग गेला की ते वर्ष लूकचे, एवढे लक्षात ठेवले तरी पुरते. २०२५ लूकचे होते. ३० नोव्हेंबर २०२५ रोजी सुरू झालेले चालू वर्ष मत्तयाचे आहे. याच मांडणीच्या आधारे १९९२ साली प्रॉटेस्टंट मंडळ्यांसाठीही एक सामायिक वाचनक्रम तयार झाला, आणि त्यामुळे जगभरात अनेक रविवारी दोन्हीकडे एकच उतारा वाचला जातो. आमच्या गटात प्रॉटेस्टंट घरांतली माणसेही बसतात ती याच बळावर.

या गटाची हकिगत थोडी सांगते, कारण त्यात माझी चूक आहे. दर गुरुवारी संध्याकाळी आमच्या पडवीत बायबल वाचायला आम्ही जमू लागलो तेव्हा ग्रंथ पहिल्या पानापासूनच वाचायचा असा आग्रह मीच धरला होता. धडा सोडून पुढे जायचे नाही ही प्राथमिक शाळेतल्या नोकरीत अंगवळणी पडलेली शिस्त. उत्पत्तीचे पुस्तक सगळ्यांनी आवडीने ऐकले, निर्गमाचा पहिला अर्धा भागही ऐकला, पण निवासमंडपाची मापे आणि लेवीयातील होमार्पणांचे नियम सुरू झाले तशी माणसे कमी होत गेली, आणि गणना उघडेपर्यंत सतरांतले पाच जण उरले. त्यांना कंटाळखोर म्हणणे अन्यायाचे होते. दिवसभर काजूच्या बागेत किंवा बंदरावर राबून आलेल्या माणसाला आज हाच अध्याय का, याचे उत्तर माझ्याकडे नव्हते. काल त्याच्या आधीचा झाला म्हणून, एवढेच मी सांगू शकत होते. पुढे एका वयस्कर सिस्टरांनी सुचवले, की येत्या रविवारी चर्चमध्ये जी वाचने होणार आहेत तीच गुरुवारी वाचा. त्या दिवसापासून गट टिकला आहे.

काळानुसार वाचल्याने केवळ सोय होते असे नाही. उतारा ज्या काळात वाचला जातो तो काळ त्या उताऱ्यावरचे पहिले भाष्य असतो. आगमनकाळाचा पहिला रविवार घ्या. घरोघरी नेवऱ्यांची तयारी आणि गोठ्यासाठी गवत-माती आणण्याची गडबड सुरू होत असते, आणि त्या रविवारचे शुभवर्तमान बेथलेहेमविषयी, म्हणजे येशूच्या जन्माविषयी, अक्षरही बोलत नाही. मत्तयाच्या वर्षी ते चोविसाव्या अध्यायातून येते: नोहाच्या दिवसांत लोक खातपीत होते, लग्ने करीत होते आणि पूर येईपर्यंत त्यांना काही कळले नाही, म्हणून जागे राहा. दुसऱ्या आणि तिसऱ्या रविवारी बाप्तिस्मा करणारा योहान येतो, आणि चौथ्या रविवारी कुठे योसेफाचे स्वप्न. हा क्रम ज्याने मन लावून ऐकला त्याला नाताळच्या रात्री गोठ्यातले बाळ दिसते तेव्हा त्याच्या आधी चार आठवड्यांची वाट पाहणे असते. पवित्र सप्ताहाच्या आरंभीचा झावळ्यांचा रविवारही तसाच आहे. आम्ही नारळाच्या कोवळ्या झावळ्या हातात धरून होसान्ना म्हणत चर्चमध्ये शिरतो, आणि त्याच मिस्सात, पाऊण तासाच्या आत, दुःखसहनाचा वृत्तांत वाचताना त्याला क्रुसावर खिळा असे जमावाचे शब्दही आम्हालाच म्हणावे लागतात. त्या झावळ्या वर्षभर घरात राहतात, वाळतात, आणि पुढच्या राखेच्या बुधवारी त्यांचीच राख कपाळावर येते. हे सगळे पुस्तकात लिहिलेले नाही; ते वर्षाच्या क्रमात आहे.

परंतु मला खरे बोलायचे आहे ते सणांविषयी नाही. सण आपली काळजी स्वतः घेतात. मला बोलायचे आहे ते पेन्टेकॉस्टनंतरच्या त्या लांबलचक काळाविषयी, ज्याकडे आमचेच लोक रिकामा काळ म्हणून पाहतात. सामान्यकाळ हे नावच त्याला मारक ठरले असे मला वाटते. लॅटिनमध्ये त्याचे नाव ‘तेम्पुस पेर आन्नुम’, म्हणजे वर्षभर चालणारा काळ. त्यात साधेपणाची किंवा कमीपणाची छटा कुठेही नाही. इंग्रजी नावातही रविवार क्रमांकाने मोजले जातात हाच मूळ भाव असल्याचे सांगतात. मराठीत मात्र ‘सामान्य’ म्हटले की माणूस समजतो, यात विशेष काही नाही. वर्षातले तेहतीस-चौतीस आठवडे, म्हणजे निम्म्याहून अधिक वर्ष, आपण एका शब्दाने बाजूला सारले. याच काळात धर्मगुरूंच्या अंगावर हिरवा झगा असतो, आणि जून ते ऑक्टोबर या महिन्यांत आमच्या चर्चच्या दारातून बाहेर पाहिले तर दुसरा रंगच दिसत नाही.

अभ्यासाच्या दृष्टीने हाच काळ सर्वांत समृद्ध आहे. सणांच्या काळात शुभवर्तमानातील उतारे प्रसंग पाहून निवडलेले असतात, त्यामुळे ते अध्यायांवरून उड्या मारत जातात. हिरव्या रविवारी मात्र एकाच लेखकाचे शुभवर्तमान बऱ्याच अंशी ओळीने पुढे सरकते. मत्तय काय रचतो आहे, कुठे तो दाखले, म्हणजे दृष्टान्त, एकत्र गुंफतो, कुठे वाद वाढवत नेतो, हे तेव्हाच कळते. आणि कोकणात हा काळ येतो नेमका पावसाळ्यात. १ जूनला यांत्रिक नौका किनाऱ्याला लागतात आणि ३१ जुलैपर्यंत मासेमारी बंद असते. होड्या झापांखाली, जाळी अंगणात. शेतीवाल्यांना लावणीच्या दिवसांत उसंत नसते हे मी जाणते, आमच्याकडेही त्या गुरुवारी चिखलाच्या पायांनी आलेली माणसे भिंतीला टेकून ऐकता ऐकता पेंगतात, पण लावणी आटोपली की संध्याकाळ मोकळी असते. आमच्या शेजाऱ्यांनी पोथीसाठी जो काळ निवडला तोच काळ आमच्या हाती आपोआप आलेला आहे. १६१६ साली ख्रिस्तपुराण प्रसिद्ध करणाऱ्या फादर थॉमस स्टीफन्स यांनी बायबलची कथा मराठी ओव्यांत घातली ती पुराण ऐकण्याची ही सवय ओळखूनच. ती ओळख आपण विसरलो.

एक उदाहरण जरा सविस्तर देते. मत्तयाचा तेरावा अध्याय हा दाखल्यांचा अध्याय. मत्तयाच्या वर्षी तो सामान्यकाळाच्या पंधराव्या, सोळाव्या आणि सतराव्या रविवारी वाचला जातो, आणि हे तीन रविवार नेहमी १० ते ३० जुलै या दिवसांत येतात. पंधराव्या रविवारी पेरणाऱ्याचा दाखला. त्याच्या आधी पहिले वाचन यशयाच्या पंचावन्नाव्या अध्यायातले: पाऊस आकाशातून पडतो तो भूमीला भिजवून, तिला फलद्रूप केल्याशिवाय परत जात नाही, तसाच माझ्या तोंडचा शब्द. मधले स्तोत्र पासष्टावे, तेही जमिनीला पाणी पाजणाऱ्या, ढेकळे सरींनी मऊ करणाऱ्या देवाचे. छपरावर पाऊस इतका वाजत असतो की वाचणाऱ्याला आवाज चढवावा लागतो, आणि अशा वेळी हे शब्द वाचले जातात. पॅलेस्टाइनमध्ये जुलैत पावसाचा थेंब पडत नाही. तिथली पेरणी पावसाळ्याच्या तोंडाशी, शरद ऋतूत होत असे. वाचनांचा क्रम रोममध्ये साऱ्या जगासाठी ठरला, कोकणासाठी नव्हे. हा योगायोगच आहे. पण चालून आलेले दान नाकारण्याचे कारण मला दिसत नाही.

२०२३ सालच्या त्या गुरुवारी आमच्यातल्या एका शेतकऱ्याने विचारले, की हा कसला पेरणारा, जो वाटेवर आणि खडकावर बी टाकतो? आपण तरव्यात बी टाकतो, रोप जपतो, मग एकेक काडी चिखलात रोवतो; असे बी उधळणारा माणूस आपल्याकडे उपाशी मरेल. प्रश्न रास्त होता. त्या देशात शेतांमधून पायवाटा जात, मूठ भरभरून बी फेकले जाई, आणि वर माती व खाली चुनखडकाचा थर अशा जागा पेरणाऱ्याला वरून ओळखू येत नसत. एवढे मी सांगितले, पण खडकाळ जमिनीचा अर्थ माझ्या सांगण्याने उलगडला नाही. तो उलगडला एका म्हाताऱ्या बाईंच्या बोलण्याने. त्या म्हणाल्या, म्हणजे आपला सडा. कोकणातल्या वाचकांना याहून जास्त सांगायला नको. कातळावर बोटभर माती असते; पहिल्या पावसात सगळ्यांच्या आधी तिथेच हिरवे होते, श्रावणात तिथे रानफुलांचे गालिचे पसरतात, आणि पाऊस सरला की पंधरवड्यात सगळे करपते. दाखल्यात तेच म्हटले आहे: माती खोल नव्हती म्हणून लवकर उगवले, आणि मूळ नव्हते म्हणून वाळून गेले. लवकर उगवणे हेच खोल माती नसल्याचे लक्षण आहे, ही गोष्ट मी कितीतरी वेळा वाचूनही मला त्या दिवसापर्यंत दिसली नव्हती.

सोळाव्या रविवारी गव्हातल्या निदणाचा दाखला आला. ते निदण कणीस येईपर्यंत गव्हासारखेच दिसते, आणि मालक नोकरांना ते उपटू देत नाही. बेणणीवरून आलेल्या बायकांना हे पटण्यासारखे नव्हते, आणि त्यावर बराच वेळ वाद झाला. मिटला नाही.

सतराव्या रविवारी जाळ्याचा दाखला. आमच्या मराठी बायबलांत इथे नुसते ‘जाळे’ असे भाषांतर आहे. पण मूळ ग्रीकमध्ये मत्तयाने वापरलेला शब्द ‘सागेने’ हा आहे, आणि तो साऱ्या नव्या करारात याच एका ठिकाणी येतो. चौथ्या अध्यायात पेत्र आणि अंद्रिया समुद्रात टाकत असतात ते जाळे वेगळे, एका माणसाने फेकायचे गोल जाळे, म्हणजे आपला पाग. सागेने म्हणजे लांबलचक ओढजाळे: होडीतून अर्धवर्तुळात सोडायचे आणि किनाऱ्यावरून माणसांच्या दोन रांगांनी दोर धरून ओढायचे. मालवण-वेंगुर्ल्याच्या माणसाला याचे नाव सांगावे लागत नाही. ती रापण आहे. हे मी सांगताच पडवीतला सूर बदलला. रापण जवळ येईपर्यंत आत काय आहे ते कोणाला दिसत नाही. बांगडा, तारली, पेडवे, कुर्ल्या, केंड, शेवाळ, सगळे एकत्रच येते. ओढताना मध्येच थांबून वाईट तेवढे काढून टाकता येत नाही. रापणीवर उभा जन्म घालवलेले एक गृहस्थ, जे सहसा काही बोलत नाहीत, त्यांनी मला ती ओळ पुन्हा वाचायला लावली. जाळे भरल्यावर त्यांनी ते किनाऱ्यावर ओढले आणि बसून चांगले ते भांड्यांत भरले, असे तिथे आहे. ‘बसून’ या शब्दावर त्यांनी बोट ठेवले आणि म्हणाले, “बसल्याशिवाय मासळी निवडूक जमणा नाय, बाई.” उभ्या उभ्या, घाईत, दोर हातात असताना निवड होत नाही. जाळे भरेपर्यंत आपले काम ओढण्याचे. निवडणे नंतरचे, आणि तो दाखला स्पष्ट सांगतो त्याप्रमाणे ते काम देवदूतांचे, आपले नव्हे. आठ दिवसांपूर्वी निदणावरून झालेल्या वादाला इथे वेगळे वळण लागले. मी त्यात आणखी इतकेच सांगितले, की लेवीयाच्या अकराव्या अध्यायानुसार पंख व खवले नसलेली मासळी यहुद्यांना वर्ज्य होती, म्हणजे आपण आवडीने खातो ती मोरीसुद्धा तिथे फेकली गेली असती. ज्या लेवीयापाशी आमचा गट एकदा मोडला होता, ते पुस्तक त्या संध्याकाळी सगळ्यांनी आपणहून उघडले. आणि पाचच दिवसांनी होड्या पाण्यात उतरल्या.

या पद्धतीवर एक आक्षेप घेतला जातो आणि तो मला मान्य आहे. नेमून दिलेले उतारे म्हणजे संपूर्ण बायबल नव्हे. बरेच कठीण भाग, शापवचने, लांबलचक वंशावळी आणि युद्धकथा रविवारच्या वाचनांत येतच नाहीत, आणि कधी कधी उताऱ्याच्या मधल्या ओळीही गाळलेल्या असतात. केवळ तेवढ्यावर राहणारा माणूस बायबल ओळखतो असे मी म्हणणार नाही. म्हणून आम्ही उताऱ्याच्या मागचा आणि पुढचा अध्याय घरी वाचून यायचा असा नियम ठेवला आहे, आणि जिथे ओळी गाळल्या आहेत तिथे त्या मुद्दाम मोठ्याने वाचतो. आधी शुभवर्तमान, मग जुन्या करारातले वाचन, कारण हिरव्या रविवारी ते शुभवर्तमानाशी जुळेल असेच निवडलेले असते. मग स्तोत्र, आणि वेळ उरला तर नव्या करारातल्या पत्राचा उतारा. प्रत्येक उतारा दोनदा, दोन वेगळ्या आवाजांत वाचायचा. पहिल्यांदा ऐकताना माणूस आपल्या ओळखीचे तेवढेच ऐकतो. पोप फ्रान्सिस यांनी ३० सप्टेंबर २०१९ रोजी सामान्यकाळाचा तिसरा रविवार हा देवाच्या वचनाचा रविवार म्हणून जाहीर केला, आणि तो दिवस अनेक ठिकाणी थाटाने साजरा होतो. पण त्या एका रविवारी मखरात ठेवलेले बायबल पुढच्या गुरुवारी कोणाच्या मांडीवर असते का, याची मला जास्त काळजी आहे. आमच्या धर्मग्रामांतून नवेना, म्हणजे नऊ दिवसांच्या प्रार्थना, आणि फेस्ताच्या, म्हणजे चर्चच्या सणाच्या, तयारीसाठी जितका वेळ व पैसा निघतो, त्याच्या दशांशाने पावसाळ्यातले वाचन गावोगाव उभे राहील असे मी आमच्या लोकांना कळकळीने सांगू इच्छिते.

आता आपल्याकडे एक मागणे. आपल्या दैनिकात रोज पंचांगाचे सदर असते, त्यात तिथी, नक्षत्र, सण आणि उर्दू महिन्याची तारीखही असते, आणि आम्ही ख्रिस्ती वाचक ते सदर रोज पाहतो. त्यात दर रविवारी उपासनावर्षातील काळ आणि त्या दिवसाची वाचने यांची एक ओळ देता येईल का? चर्चपासून दूर वाडीत राहणाऱ्या, मिस्साला जाऊ न शकणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना तिचा उपयोग होईल, आणि पोथीविषयी ज्यांनी इतक्या आपुलकीने लिहिले त्या लेखकांनाही शेजारच्या घरात कुठला अध्याय उघडला आहे ते कळेल. येत्या रविवारची ओळ नमुन्यादाखल लिहून पाठवते:

रविवार, १२ जुलै २०२६. सामान्यकाळातील पंधरावा रविवार, रंग हिरवा. यशया ५५:१०-११, स्तोत्र ६५, रोमकरांस पत्र ८:१८-२३, मत्तय १३:१-२३.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका,
मालवण तालुका, जि. सिंधुदुर्ग